अवांतर तपासाची कळ

गेल्या हिवाळ्यात एम.ए. मराठीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांला एक प्रश्न विचारला. तास संपला होता, महाविद्यालयाच्या फाटकासमोरील गाडीवर तर्री-पोह्यांचा कार्यक्रम चालू होता आणि त्या सकाळी वर्गात रहस्यकथेवर बोलणे झालेले असल्यामुळे त्याला धीर आला असावा. तो मोबाइलवर एक ऑनलाइन हेरखेळ खेळत होता. खेळातल्या मुख्य खुनाचा उलगडा त्याने केला होता, गुन्हेगार पकडला होता. परंतु त्या प्रकरणाला जोडलेले ‘बोनस मिशन’ काही केल्या उघडत नव्हते. "सर, सगळं करून झालं. आता राहिलं काय?" असे त्याने विचारले.

आम्ही तो प्रश्न हसण्यावारी नेला. रात्री उत्तरपत्रिका तपासायला बसलो, तेव्हा मात्र त्याची गंमत ओसरली. समोरच्या उत्तरात कवितेचा आशय सांगितला होता, प्रतिमा मोजल्या होत्या, कवीचा कालखंड अचूक होता, समीक्षकांची नावे जागच्या जागी होती. सगळे करून झाले होते. कविता मात्र बंदच होती. साहित्याच्या अध्यापकाने स्वतःला विचारावा असाच प्रश्न त्या मुलाने पोह्यांच्या गाडीवर विचारला होता.

बोनस मिशन कशाने सुरू होते, म्हणजे त्याची कळ कोठे असते, ही केवळ खेळाडूंच्या सोयीची तांत्रिक बाब नाही, असे आमचे मत आहे. कळ कोठे बसवली आहे यावरून त्या कृतीला आपल्या वाचकाकडून काय हवे आहे हे ओळखता येते. आणि हे एकदा ओळखता आले, की आपण अध्यापक वर्गात कोणत्या कळा बसवून ठेवल्या आहेत, याचाही हिशेब मांडावा लागतो.

प्रथम तांत्रिक बाजू पाहू. अशा खेळाच्या पोटात एक नोंदवही चालू असते. खेळाडूने कोणती जागा पाहिली, कोणाशी बोलणे केले, कोणता पुरावा उचलला, किती गुण मिळवले, यांपैकी प्रत्येक गोष्टीपुढे ‘झाले’ अथवा ‘नाही’ अशी खूण पडते किंवा एखादा आकडा चढत जातो. प्रत्येक अवांतर प्रकरणाला एक अट जोडलेली असते. अमुक खूण पडली असेल आणि तमुक आकडा एवढ्यावर गेला असेल, तर हे दार उघडावे, असे त्या अटीचे स्वरूप असते. यालाच खेळाडू ‘ट्रिगर’ म्हणतात. अटी स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात: गणतीच्या, स्थळकाळाच्या आणि क्रमाच्या. त्यांपैकी क्रमाची अट सर्वांत फसवी. काही दारे गुन्हेगाराला अटक झाल्यावरच उघडतात, तर काही अटक होताच कायमची बंद होतात. केलेल्या गोष्टी त्याच असतात, परंतु आधी काय केले आणि नंतर काय, यावर सारे अवलंबून असते. कथानक आणि घटनाक्रम यांतला भेद आपण वर्गात शिकवतो, तो येथे असा प्रत्यक्ष राबताना दिसतो.

घरच्या संगणकावरील जुन्या धाटणीच्या खेळांत एखादा मुक्काम जतन करून ठेवता येई आणि चूक झाली तर तेथे परतता येई. ऑनलाइन खेळात नोंदवही बहुधा कंपनीच्या सर्व्हरवर असते. खेळाडूला मागचे पान फाडता येत नाही. साहजिकच कळ कोठे आहे हे एकट्याने प्रयोग करून शोधणे अवघड जाते, आणि जेथे प्रयोग अवघड असतो तेथे तर्कवितर्कांना ऊत येतो. आमच्या विद्यार्थ्याच्या मित्रमंडळीत तीन मते प्रचलित होती. एकाच्या मते प्रत्येक घटनास्थळी पैकीच्या पैकी तारे मिळवले की मिशन उघडते. दुसऱ्याच्या मते ते मध्यरात्रीनंतर खेळल्यासच उघडते. तिसऱ्याचे म्हणणे असे, की थोडी नाणी पैसे देऊन विकत घेतल्याखेरीज खेळ दाद देत नाही. प्रत्येकाजवळ अनुभवाचा पुरावा होता, कारण प्रत्येकाचे मिशन कधी ना कधी तसे करत असतानाच उघडले होते.

येथे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचा १९४८ मधील प्रसिद्ध प्रयोग आठवतो. भुकेल्या कबुतरांना त्यांनी ठरावीक अंतराने दाणे मिळतील अशी व्यवस्था केली. कबुतर काय करते याच्याशी दाण्यांचा काही संबंध नव्हता. तरीही एखादे कबुतर गोल फिरू लागले, एखादे मान झटकू लागले. दाणे आले तेव्हा जे चालू होते, त्यामुळेच ते आले असावेत, अशा थाटात ती कृती पुन्हा पुन्हा होऊ लागली. या प्रयोगाच्या अन्वयार्थावर पुढे बराच वाद झाला, हेही सांगितले पाहिजे. तथापि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ‘महत्त्वाचे प्रश्न’ फिरू लागतात, तेव्हा आपल्या विद्यार्थ्यांची, आणि खरे तर आपलीही, अवस्था त्या कबुतरांहून फार निराळी नसते. कळ कोठे आहे हे माहीत नसले, की विधी जन्माला येतो.

अखेर आम्ही दोन रविवार त्या मुलाबरोबर बसलो. त्याच्या दोन मित्रांची खातीही घेतली आणि तपासाचा सर्वांत जुना नियम पाळला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तारे कमी ठेवून पाहिले, भर दुपारी खेळून पाहिले, नाण्यांना हात लावला नाही. कळ सापडली ती अगदी निराळ्या जागी. प्रकरणाच्या आरंभी एका इमारतीचा म्हातारा रखवालदार साक्ष देतो. साक्षीच्या ओघात, खुनाशी संबंध नसलेली एक गोष्ट तो बोलून जातो: त्याची एक पेटी हरवली आहे. गुन्हेगार पकडला गेल्यावर खेळाडू आपण होऊन पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे गेला, तरच पेटीचे प्रकरण उघडते. आमच्या विद्यार्थ्याने ती साक्ष वाचलीच नव्हती. संवाद सुरू झाला की पुढे ढकलण्याचे बटण दाबायचे, ही त्याची सवय होती. ज्यांचे मिशन मध्यरात्री किंवा नाणी घेतल्यावर उघडले होते, ते सगळे कधीतरी चुकून त्या रखवालदाराच्या दारात जाऊन आले होते.

ही कळ आम्हांला आवडली. तिचे वेगळेपण समजण्यासाठी इतर काही खेळांतील कळा तिच्याशेजारी ठेवून पाहाव्या लागतील.

पॅरिसच्या प्रिटी सिंपल या कंपनीने २०१२ मध्ये फेसबुकवर आणलेला ‘क्रिमिनल केस’ हा अशा खेळांपैकी बहुधा सर्वांत लोकप्रिय. गजबजलेल्या चित्रात दडलेल्या वस्तू शोधायच्या, वेगाने शोधल्यास अधिक गुण मिळवायचे, गुणांतून तारे कमवायचे आणि ते तारे खर्चून साक्षी घ्यायच्या, पुरावे तपासायचे, असा त्याचा क्रम आहे. गुन्हेगाराला शिक्षा झाल्यावर एक प्रकरण सुरू होते, त्याचे इंग्रजी नाव मराठीत आणले तर ते ‘अवांतर तपास’ असे होईल. आधीचेच संशयित आपल्या लहानसहान अडचणी घेऊन येतात. कल्पना मोठी सुंदर आहे. खून संपला तरी माणसे संपत नाहीत, याची जाणीव तीत आहे. परंतु या तपासाचे दार ठरल्या वेळी आपोआप उघडते आणि आत पाऊल टाकायला पुन्हा तारेच मोजावे लागतात. ताऱ्यांसाठी तेच चित्र पुन्हा पुन्हा खेळायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेस कोणती वस्तू कोठे आहे हे पाठ झालेले असते, आणि डोळा पाहत नाही, बोट तेवढे फिरते. गणतीची कळ वाचकाकडून चिकाटी मागते. चिकाटी हा गुणच आहे. पण चिकाटी म्हणजे वाचन नव्हे.

स्थळकाळाच्या कळेचे उदाहरण ‘एल. ए. न्वार’ या २०११ मधील खेळात मिळते. हा खेळ ऑनलाइन नव्हे, परंतु हेरखेळांचा विचार त्याला वगळून करता येत नाही. १९४७ च्या लॉस एंजलिसमध्ये कोल फेल्प्स हा पोलीस तपास करीत गाडीतून हिंडत असतो. मुख्य प्रकरणांखेरीज रस्त्यावरचे चाळीस गुन्हे या खेळात आहेत आणि त्यांची वर्दी गाडीतल्या रेडिओवरून येते. सोबतच्या सहकाऱ्याला गाडी चालवायला सांगण्याची मुभा खेळाडूला आहे. तसे केले की प्रवास गाळला जातो, आपण थेट मुक्कामी उतरतो. मात्र वाटेत ऐकू आली असती ती वर्दी हुकते. आमच्या वर्गात गाइडे नेमके हेच करतात. ती विद्यार्थ्याला मुक्कामी पोचवतात आणि रेडिओ बंद राहतो.

तिसरे उदाहरण २००१ मधील आहे, आणि ते पूर्णतः ऑनलाइन होते. स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘ए. आय.’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी एक खेळ रचला गेला; तो ‘द बीस्ट’ या नावाने ओळखला जातो. त्याची जाहिरात कोठेही नव्हती. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाहित्यातील श्रेयनामावलीत, छायालेखक आणि संकलक यांच्या पंक्तीत, जनीन साला असे एक नाव होते आणि पुढे हुद्दा होता: संवेदनक्षम यंत्रांची उपचारतज्ज्ञ. असा हुद्दा आजच्या जगात असेल कसा, असे ज्याच्या मनात आले त्याने ते नाव इंटरनेटवर शोधले, आणि त्याच्यापुढे २१४२ सालातील एका मृत्यूचे प्रकरण उलगडू लागले. हजारो अनोळखी माणसांनी मिळून ते सोडवले. कळ लपवलेली नव्हती; ती छापील होती, सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. फक्त ती अशा जागी होती, जेथे कोणी वाचत नाही. आपल्याकडे इंदूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील विद्यार्थी ‘क्लूलेस’ नावाची ऑनलाइन कोड्यांची मालिका रचत आले आहेत. तिच्यातही पानाच्या शीर्षकात, चित्राच्या नावात, पानामागच्या संहितेत खुणा ठेवण्याची पद्धत आहे. मलपृष्ठ, अर्पणपत्रिका, छपाईची तारीख वाचणारा वाचक तेथे पुढे सरकतो.

चौथे उदाहरण ‘फॉलन लंडन’ या खेळाचे. २००९ मध्ये ‘एको बझार’ या नावाने सुरू झालेला हा खेळ जवळजवळ सर्वस्वी शब्दांचा आहे. खेळाडूच्या अंगी सावधपणा, धाडस इत्यादी गुण चढत-उतरत असतात आणि त्या गुणांच्या बेरजेनुसार छोट्या छोट्या कथा समोर येतात. एका ‘महत्त्वाकांक्षे’त तर आपल्या प्रिय व्यक्तीच्या मारेकऱ्याचा शोध घ्यायचा असतो. पण आम्हांला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी. येथे जखमा, संशय, बदनामी, दुःस्वप्ने यांचीही नोंद होते, आणि ती एका मर्यादेपलीकडे गेली की खेळ संपत नाही. खेळाडू तुरुंगात किंवा वेडाच्या सीमेवर पोचतो आणि तेथे वेगळ्याच कथा उघडतात. अपयश हीसुद्धा एक कळ असते. परीक्षापद्धतीत ही कळ आम्हांला कोठेही आढळलेली नाही.

या चार कळांपाशी थांबून एक शंका घेता येईल: यात साहित्याचे काय? उपकथा कशाने उघडावी हा प्रश्न संगणकाबरोबर आलेला आहे, असे मानणे चूक ठरेल. आपल्या परंपरेतील सर्वांत मोठा अवांतर कथांचा संग्रह म्हणजे महाभारताचे वनपर्व. तेथे नलोपाख्यान केव्हा उघडते? आपल्याहून अधिक दुर्दैवी राजा कोणी पाहिला-ऐकला आहे काय, असे युधिष्ठिर बृहदश्वाला विचारतो तेव्हा. द्रौपदीच्या अपहरणानंतर तशाच व्यथेतून तो मार्कंडेयाला विचारतो, आणि रामकथा उघडते. लगेच पुढे द्रौपदीसारखी दुसरी कोणी पतिव्रता आहे काय असे विचारतो, आणि सावित्री अवतरते. युधिष्ठिराने वनात किती वर्षे काढली याच्या गणतीने ही दारे उघडत नाहीत. व्यथेचा प्रश्न झाला, की कथा मिळते. मराठीत बटणालाही कळ म्हणतात आणि अंगातून उठणाऱ्या वेदनेलाही. वनपर्वापुरते तरी हे दोन्ही अर्थ एकच आहेत.

आता आपल्या विदर्भाकडे वळू. साक्षी गोळा करून उभा राहिलेला मराठीतला आद्य ग्रंथ अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकात आकाराला आला. चक्रधरांच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातील माणसांना गाठून आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवलेले डॉ. वि. भि. कोलते यांनी आयुष्यभराच्या महानुभावीय व्यासंगातून त्याची जी प्रत संपादित केली, ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. आपल्यापैकी अनेकांनी ती हाताळली असेल. त्या ग्रंथात कितीतरी लीळा कोणाच्या तरी पृच्छेने सुरू होतात, आणि पृच्छा करणाऱ्यांत महदाइसा अग्रभागी आहे. धवळ्यांची कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो. पण तिने विचारले नसते तर किती बोलणी बोललीच गेली नसती, याचा विचार आपण क्वचित करतो. तिचा प्रश्न ही त्या लीळेची कळ आहे. एवढेच नव्हे, तर म्हाइंभटांनी एखाद्या साक्षीदाराचे घर गाठले नसते, तर ती लीळा घडूनही आपल्यापर्यंत आली नसती. रखवालदाराच्या दारात पुन्हा जाणे ते हेच.

येथवर आम्ही अवधानाची आणि प्रश्नाची बाजू घेतली. परंतु या मताला एक आक्षेप आहे आणि तो त्याच विद्यार्थ्याने घेतला. कळ सापडल्यावर आम्ही काहीशा समाधानाने त्याला म्हणालो, की साक्ष वाचली असतीस तर दोन महिने वाचले असते. त्यावर तो म्हणाला, की आधीच्या वीस प्रकरणांत एकाही साक्षीला अर्थ नव्हता. कोणी काहीही बोलले तरी पुढे काही होत नसे. बटण दाबायला खेळानेच शिकवले होते. एकविसाव्या प्रकरणात त्याने अचानक वाचायला सांगितले, आणि तेही न सांगता. दुसरे असे, की हा मुलगा हिंगण्याहून येतो, संध्याकाळी सीताबर्डीवर मोबाइलच्या दुकानात काम करतो. ताऱ्यांची गणती त्याला निदान सांगते, की आज तू इतका पुढे आलास. दडवलेल्या कळा त्यांना सापडतात, ज्यांच्या घरी आधीच पुस्तके असतात आणि ज्यांना रेंगाळायला वेळ असतो.

या आक्षेपाला आमच्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. आजही अर्धेच आहे.

रहस्यकथेच्या क्षेत्रात न्याय्य खेळाचा विचार जुना आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये लेखकांसाठी दहा नियम घालून दिले. हेराला जो धागा सापडेल तो वाचकापासून लपवू नये, हा त्यांतला एक. कॉनन डॉयल यांच्या १८९२ मधील ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेत रात्री कुत्रा भुंकला नाही, हाच पुरावा ठरतो. तो वाचकासमोर उघडाच असतो, तरी बहुतेकांच्या नजरेतून निसटतो, आणि पुढे उलगडा झाल्यावर आपण लेखकावर चिडत नाही, स्वतःवर हसतो. असे का होते? कारण बारीकसारीक गोष्टींना मोल आहे, हे ती कथा पहिल्या पानापासून शिकवत आलेली असते. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे घ्या. काहीतरी खटकले की तो ‘ट्टॉक’ करतो आणि धावतो. दोन पुस्तकांत दहा वर्षांच्या वाचकालाही कळते, की या जगात खटकणे महत्त्वाचे असते. पुढे तो फेणेच्या आधी ‘ट्टॉक’ करू लागतो. चांगली कृती आपल्या कळा कोठे असतात हे हळूहळू शिकवते. ते न शिकवता अखेरीस कळ दाबण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आमच्या विद्यार्थ्याच्या खेळातली कळ सुंदर होती, पण न्याय्य नव्हती, असे आता आम्हांला म्हणावे लागते.

आणि हाच निकष आमच्यावर लावला तर? शाळेपासून पदवीपर्यंत आपण मुलांना शिकवतो, की उत्तरातले मुद्दे मोजले जातात. पाच गुणांना पाच मुद्दे. संहिता पुढे ढकलायची असते, मुक्काम महत्त्वाचा असतो. वीस प्रकरणे अशी जातात. मग एम.ए.च्या वर्गात, किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीत, आपण एकाएकी विचारतो: तुमचे स्वतंत्र मत काय? मुलगा गप्प बसतो, आणि ही पिढी वाचत नाही, असा निर्वाळा आपण चहा पिता पिता देऊन टाकतो. त्याने ज्या बटणावर बोट ठेवले आहे ते आपणच त्याच्या हाती दिलेले असते.

आमचा स्वतःचा कबुलीजबाब असा. गेली काही वर्षे अंतर्गत मूल्यमापनात आम्ही ‘अवांतर वाचन’ या नावाखाली पाच पुस्तकांच्या परिचयाला गुण ठेवले होते. हेतू शुद्ध होता. फळ असे आले, की परिचय पाच झाले, पुस्तके झाली नाहीत. एका वर्षी तीन विद्यार्थ्यांच्या परिचयांत एकाच कादंबरीच्या नायकाचे नाव एकसारखे चुकले होते. आम्ही त्यांना रागावलो. आज वाटते, की त्यांनी खेळाचे नियम अचूक वाचले होते. आम्ही ताऱ्यांची कळ बसवली होती आणि त्यांनी तारे आणून दिले. ‘अवांतर’ या शब्दाचा अर्थच आम्ही हरवला होता. जे मोजून सक्तीने करवले जाते ते अवांतर उरत नाही.

यावर कळा पूर्णतः झाकून टाकाव्यात, असे आम्ही म्हणत नाही. सीताबर्डीच्या दुकानातून रात्री साडेनऊला सुटणाऱ्या मुलाला ‘रसिकतेने वाच’ एवढेच सांगणे म्हणजे त्याला दाराबाहेर उभे करणे होय. गुणांची पायरी त्याला हवी आहे आणि ती असावी. मात्र त्या पायरीवर काय मोजले जाते, हे बदलता येते. गाडी त्याने चालवावी, रेडिओ चालू असावा, आणि वर्दी कशी ऐकायची हे आम्ही पहिल्या दिवसापासून उघडपणे शिकवावे, एवढेच अध्यापकाचे काम आहे, असे आता आम्हांला वाटते. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासालाच सांगावे, की या कवितेत एक शब्द जागा सोडून बसला आहे. तो शोधा, मुद्दे नकोत. चुकलेल्या शोधालाही नोंद असावी. वीस प्रकरणे अशी गेली, तर एकविसाव्यात स्वतंत्र मत मागण्याचा अधिकार आपल्याला येईल.

या सत्रात आम्ही पाच परिचयांची अट काढून टाकली. त्याऐवजी कोणत्याही एका ग्रंथाबद्दल एकच प्रश्न लिहून आणायचा, असे ठरवले. प्रश्न असा हवा, की ज्याचे उत्तर त्या ग्रंथात परत गेल्याशिवाय मिळणार नाही. उत्तर आणले नाही तरी चालेल. यश संमिश्र आहे. निम्म्या मुलांनी प्रश्नही गाइडातूनच आणले. काहींनी, यात गुण कसे पडणार, असे विचारले, आणि त्यांची भीती आम्हांला रास्त वाटते.

मोबाइलच्या दुकानातल्या त्या मुलाने ‘लीळाचरित्र’ घेतले होते. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता: ज्या प्रसंगी महदाइसा जवळ नव्हती आणि कोणीच काही विचारले नाही, ते प्रसंग कोणी लक्षात ठेवले असतील? उत्तर आम्हांला ठाऊक नाही. आम्ही दोघे पुढच्या शनिवारी ग्रंथालयात कोलत्यांची प्रत घेऊन बसणार आहोत.